शीग लावलेला शंकू

गणिताच्या कपाटात नऊ घन, सहा इष्टिकाचिती, पाच वृत्तचिती, चार शंकू, तीन अर्धगोल, दोन गोल आणि एक झुरळ होते. झुरळ मेलेले होते आणि त्याचे पृष्ठफळ काढणे अभ्यासक्रमात नव्हते. सहापैकी दोन इष्टिकाचिती म्हणजे खडूचे रिकामे खोके निघाले. दोन गोलांपैकी एक मुलांकडून जप्त केलेला रबरी चेंडू होता. नवीन बाईंनी मोजणी दोनदा केली, कारण पहिल्यांदा त्यांनी एक अर्धगोल वाटी समजून बाजूला ठेवला होता. त्याच्या बुडावर पांढऱ्या रंगात ‘त्रिज्या ७’ असे लिहिलेले दिसल्यावर त्याला पुन्हा अर्धगोलांत घेण्यात आले.

त्रिज्या सातच होती. कपाटातल्या प्रत्येक गोल वस्तूची त्रिज्या एकतर सात सेंटिमीटर होती नाहीतर चौदा. अपवाद फक्त चेंडूचा, पण तो जप्तीचा माल. हा काही योगायोग नव्हता. गणित विभागाचे प्रमुख पायची किंमत बावीस सप्तमांश धरत, आणि खालचा सात छाटायला वर एक सात हजर असलाच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. मुले त्यांना बावीस सर म्हणत. सर ते ऐकून न ऐकल्यासारखे करत, पण मनातून त्यांना ते आवडत असावे.

सरांच्या प्रश्नपत्रिकांत एक वेगळेच जग नांदत होते. तिथले लोक सात मीटर त्रिज्येची विहीर खणत आणि निघालेली माती पसरून तिचा ओटा करत. विहिरीला पाणी लागले का, याची चौकशी कुणी करत नसे. तिथे एक माणूस जन्मभर शिशाचे गोळे वितळवून त्यांचे शंकू ओतत होता आणि त्याच्या हातून एक थेंबही वाया जात नव्हता. दुसरा एकजण टाकीत वस्तू टाकत बसलेला असे. वस्तू न चुकता ‘पूर्णपणे बुडत’, कारण प्रश्नात तसे छापलेले असे. तंबूला दार नसे, बादलीला कडी नसे. उत्तर पूर्णांकात येई आणि सगळे सुखाने झोपत.

नवीन बाई या जगात चुकून आल्या होत्या. त्या पदार्थविज्ञान शिकल्या होत्या. पण ती जागा भरली गेली होती आणि गणिताची रिकामी होती. “विज्ञान काय नि गणित काय, शेवटी फळ्यावरच लिहायचं ना?” असे म्हणून मुख्याध्यापिकांनी त्यांना नेमून टाकले. नेमणूक एका वर्षापुरती. वर्ष संपताना विभागप्रमुखांनी ‘काम समाधानकारक’ असा शेरा मारला तर बाई कायम होणार होत्या, आणि कायम झालेल्यांनाच शाळेच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या राहायला मिळत.

त्या खोल्यांवर बाईंचा डोळा होता, हे सांगायला लाजण्याचे कारण नाही. एकदा शिपायाकडून किल्ली घेऊन त्यांनी खोल्या टेपने मोजूनही पाहिल्या होत्या. बाहेरची तीन मीटर चाळीस गुणिले दोन मीटर नव्वद, आतली थोडी लहान, तिला लागून ओटा आणि पूर्वेला खिडकी. बाईंची आई सध्या थोरल्या मुलाकडे होती. तिथे तिची गादी दाराजवळ, फ्रिज आणि चपलांचे कपाट यांच्यामधल्या पट्टीत पडायची. जागा इतकी मोजून-मापून दिली होती की बाहेरची बेल वाजली की आधी आईने गादी गुंडाळायची, मगच दार पूर्ण उघडायचे.

पालकसभा जवळ आली. या शाळेत पालकसभेची सुरुवात स्वागतगीताने होत नसे, बावीस सरांच्या प्रात्यक्षिकाने होत असे. तळ सारखा आणि उंची सारखी असेल तर शंकूत वृत्तचितीच्या एक तृतीयांश मावते, हे सर वीसेक वर्षे पालकांना सिद्ध करून दाखवत आले होते. त्यासाठी त्यांनी पत्र्याचा खास संच बनवून घेतला होता: एक उभा डबा, म्हणजे वृत्तचिती, आणि त्याच तोंडाचा एक शंकू. शंकू वाळूने भरायचा, डब्यात रिकामा करायचा. एक. पुन्हा भरायचा. दोन. तिसऱ्यांदा ओतला की डबा काठोकाठ. सर काठावरून फूटपट्टी फिरवत, एक कणसुद्धा खाली पडत नसे, आणि आपल्या पोराला गणितात किती मिळाले हे विसरून पालक टाळ्या वाजवत.

यंदा सभागृहाला नवी फरशी बसली होती, आणि मुख्याध्यापिका तिच्यावरून स्वतःसुद्धा पाय न वाजवता चालत.

“वाळू अजिबात नाही,” त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत सांगितले. “चरे पडतात.”

“मग तांदूळ घेऊ,” सर म्हणाले.

“पालकांसमोर अन्न सांडायचं? कुणी फोटो काढला म्हणजे? पाणी घ्या की. स्वच्छ, फुकट, पुसता येतं.”

सरांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.

“खांदा फार धरलाय हल्ली,” ते म्हणाले. “यंदा प्रात्यक्षिक नवीन बाई करतील. नव्या लोकांना संधी द्यायला हवी. मी नुसता बोलेन.”

मुख्याध्यापिकांना हा मोठेपणा वाटला. नवीन बाईंनाही वाटला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी संच प्रयोगशाळेच्या मोरीवर नेला आणि सराव म्हणून पाणी ओतून पाहिले. तीन शंकू झाले. डबा भरला नाही. पाणी काठाच्या बोटभर खाली थांबले आणि तिथेच शांत राहिले. बाईंनी डबा गळतो का ते पाहिले, गळत नव्हता. पुन्हा ओतले. पुन्हा बोटभर. तिसऱ्यांदा त्यांनी पाणी बाजूला ठेवून पट्टी हातात घेतली. डब्याची उंची पंचवीस सेंटिमीटर भरली. शंकूची कडेने, म्हणजे उतारावरून, पंचवीसच. पण शंकूच्या तोंडावर आडवी काडी ठेवून मधोमध खोली मोजली तर चोवीस.

सगळा उलगडा तिथेच झाला. सरांनी ‘दोन्हींची उंची २५’ एवढेच सांगितले असणार, आणि ज्याने पत्रा कापला त्याने शंकूला टेप लावली ती लावता येते तिथे, बाहेरून तिरकी. शाळेत शंभरदा ‘तिरकस उंची वेगळी, लंब उंची वेगळी’ असे घोकून घेणाऱ्या सरांच्या स्वतःच्या शंकूत तिरकस उंची लंब उंचीच्या खुर्चीवर बसली होती. आणि वीसेक वर्षे कुणाला पत्ता नव्हता, कारण वाळूला शीग येते. शंकू भरताना वर छोटी टेकडी राहते, कुणी ती पुसून काढत नाही, आणि तूट गुपचूप भरून निघते. पाण्याला शीग येत नाही.

बाईंनी संच उचलला आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“सर, हा शंकू एक सेंटिमीटरने कमी आहे.”

“सांडलं असेल तुमच्या हातून.”

“दोनदा केलं. मग पट्टीनं मोजलं.”

“वाळूनं तर कधी तक्रार केली नाही.”

“वाळूला शीग येते, सर.”

सरांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते, सायकलींची रांग होती. नवीन बाईंना तेवढ्यात कळले की शिगेबद्दल सरांना आज पहिल्यांदा कळलेले नाही.

“आपण पालकांना सांगून टाकू या का?” बाई उत्साहाने म्हणाल्या. उत्साह हा त्यांचा जुना आजार होता. “उलट छान होईल! मुलांनाच चूक शोधायला लावू. कुठली उंची मोजली, किती कमी पडलं…”

“बाई,” सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, “इतकी वर्षं मी ज्यांच्यासमोर हे सिद्ध केलं, त्यांचीच मुलं आता इथे शिकतायत. त्यांना सांगू, की तुम्ही टाळ्या वाजवल्यात ती वाळूची टेकडी होती?” मग त्यांनी टेबलावरचे कागद नीट केले. “तुमचा शेरा मला सभेनंतरच लिहायचाय. घाई नाही. सवडीनं लिहीन.”

त्यानंतर दोन दिवसांनी सर पिशवीतून एक लाकडी चकती घेऊन आले. एक सेंटिमीटर जाड, डब्याच्या पोटात जेमतेम बसेल एवढी, आणि पत्र्याशी जुळेल असा राखाडी ऑइलपेंट लावलेली. सरांच्या चेहऱ्यावर सुतारकामाचे तेज होते.

“ही तळाला टाकायची. डब्याची आतली उंची झाली चोवीस. शंकूची चोवीस. तीन शंकू, काठोकाठ. विषय संपला.”

“कल्पना चांगली आहे, सर,” बाई म्हणाल्या, आणि ते खरेच होते. एवढी साधी दुरुस्ती वीस वर्षांपूर्वी उघडपणे केली असती तर तिला सगळे दुरुस्तीच म्हणाले असते. “पण ही लाकडाची आहे.”

“सागाची.”

“ती तरंगेल.”

“कुठे?”

“पाण्यात.”

सरांनी त्यांच्याकडे दयेने पाहिले. “बाई, हे तुमचं विज्ञान झालं. आपण डब्यात घनफळ ओततोय. घनफळावर घनफळ बसतं. वरून एवढं पाणी पडल्यावर ती जाणार कुठे? दबूनच राहील.”

“मग निदान खाली चिकटवते. माझ्याकडे पाण्यात न सुटणारा गोंद आहे.”

“गोंद!” सर उठूनच उभे राहिले. “हा संच शाळेचा ठेवा आहे. आणि चिकटवली तर नंतर काढायची कशी? सभा संपली की चकती माझ्या पिशवीत.”

फसवणुकीला मदत करायची तयारी दाखवूनही ती नाकारली जाते, हा अनुभव बाईंना नवा होता. संध्याकाळी त्यांनी आईला फोन लावला.

“तो म्हणतो ना बुडेल, मग बुडेल,” आई म्हणाली. “तू काय चकतीचं वकीलपत्र घेतलंयस?”

“अगं पण नाही बुडत. लाकूड आहे ते. आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात वर आलं तर माझं नाव जाईल.”

“नाव गेलं तर जाऊ दे, खोली जाता कामा नये.” मग आवाज खाली आला. “आज तीनदा गादी गुंडाळली गं मी. दोनदा दूधवाला, एकदा चुकून आलेला माणूस. तोच बिचारा ओशाळला. म्हणाला, आजी, बसा बसा. म्हटलं, बाबा, बसले तर तू आत कसा येशील?”

बाई हसल्या. आईसुद्धा हसली.

“खिडकी पूर्वेलाच आहे ना गं?” आईने विचारले.

“पूर्वेला.”

“मग गप्प राहा आणि ओत.”

गप्प राहायचे आणि ओतायचे, असे ठरवूनच नवीन बाई सभेला गेल्या. नवी फरशी चकाकत होती. पालक खुर्च्यांवर, मुले पुढे जमिनीवर. पहिल्या रांगेत मधोमध संस्थेचे अध्यक्ष बसले होते. त्यांचा बर्फाचा कारखाना होता आणि चेहरा त्या धंद्याला शोभणारा होता. त्यांच्या पायांशी नववीतली ती मुलगी बसली होती जिला शिक्षक आपसांत प्रश्नसंच म्हणत, कारण तिला उत्तर दिले की त्या उत्तरातून तीन प्रश्न निघत.

टेबलावर संच, पाण्याची बादली आणि एक मग. चकती सरांनी आधीच स्वतःच्या हाताने डब्यात टाकली होती आणि बोटाने दाबून बघितली होती. कोरड्या डब्यात ती अतिशय आज्ञाधारक होती.

“गणितात हातचलाखी चालत नाही,” सरांनी सुरुवात केली. बाईंनी शंकू भरला.

पहिला शंकू डब्यात गेला. पत्र्याच्या आत काय चालले आहे ते फक्त बाईंना दिसत होते. चकती क्षणभर थरथरली, एका कडेने उचलली गेली, आणि मग विचार पक्का झाल्यासारखी आडवी होऊन वर आली.

“एक!” सर म्हणाले. पालकही म्हणाले, “एक!”

बाईंनी सरांकडे पाहिले. सर सभागृहाकडे पाहत होते. बाईंनी दुसरा शंकू भरला. आता पाणी चकतीवर पडून उडत होते, म्हणून त्यांनी कडेकडेने ओतले. चकती डब्याच्या मधल्या मजल्यावर पोचली आणि तिथे झुलत राहिली.

“दोन!”

बाईंनी तिसरा शंकू भरून ओतला. पाणी चढत गेले, चकती त्याच्याबरोबर चढत गेली, आणि शेवटचा थेंब पडला तेव्हा तिची राखाडी पाठ डब्याच्या काठाशी अगदी समपातळीत येऊन थांबली. बाई बघतच राहिल्या. मग त्यांना उमगले की हे असेच व्हायचे होते. साग हलका असो की जड, चकतीचा जेवढा भाग पाण्याबाहेर राहतो, तेवढेच पाणी काठाच्या खाली राहते. बेरीज नेहमी काठाशीच येते. सरांची लबाडी बुडून यशस्वी होणार होती, ती तरंगून यशस्वी झाली.

“तीन! काठोकाठ!” सरांनी काठावरून फूटपट्टी फिरवली. पट्टी लाकडावरून सुळकन गेली. सर दचकले, पण वीसेक वर्षांच्या सवयीने हात थांबला नाही. मागच्या खुर्च्यांवरून टाळ्या सुरू झाल्या. लांबून बघणाऱ्याला डबा खरोखरच तोंडापर्यंत भरलेला दिसत होता.

अध्यक्ष उठून टेबलाजवळ आले. त्यांनी वाकून पाहिले, एक बोट पुढे केले आणि चकती दाबली. ती खाली गेली आणि बोट काढताच परत वर आली.

“हे काय?”

“झाकण,” सर म्हणाले. “नव्या फरशीवर पाणी उडू नये म्हणून.”

“वा!” मुख्याध्यापिका मनापासून म्हणाल्या. फरशीची एवढी काळजी त्यांच्याशिवाय कुणी केली नव्हती.

अध्यक्षांची बर्फाच्या धंद्यात हयात गेली होती. पाण्यावर काय तरंगते हे त्यांना कुणी सांगायला नको होते. पण झाकण तरंगले तर त्यात आक्षेपार्ह काय, हेही त्यांना सुचेना. ते मान डोलावत जागेवर गेले. टाळ्या पुन्हा वाढल्या. सरांनी बाईंकडे पाहिले आणि अगदी हलकेच मान हलवली. ‘काम समाधानकारक’ हे दोन शब्द त्या हलण्यात स्पष्ट वाचता येत होते. बाईंना पूर्वेची खिडकी दिसली. तिच्याखाली आईची गादी, दिवसभर पसरलेली.

“बाई,” जमिनीवरून प्रश्नसंच म्हणाली, “झाकण काढून दाखवा ना.”

“सभेचे पुढचे विषय आहेत,” सर म्हणाले.

“एकच मिनिट, सर. झाकण जाड आहे ना? मग ते काढल्यावर पाणी कुठपर्यंत राहतं ते बघायचंय.”

“खाली बस,” कुणीतरी पालक म्हणाले. बहुधा तिचेच.

“बसलीच आहे मी,” प्रश्नसंच म्हणाली.

मुले हसली. आता फक्त ‘वर्गात दाखवीन हं’ एवढे म्हणायचे होते. ते वाक्य नवीन बाईंच्या जिभेवर तयार होते, चांगले होते, आणि खोटेही नव्हते. आईने ऐकले असते तर तिने पाठ थोपटली असती. बाईंनी तोंड उघडले. मग त्यांनी डब्याकडे पाहिले. चकती काठाशी टेकून होती, आणि तिच्याखाली काय आहे ते पाऊणशे माणसांच्या खोलीत कुणीच मोजलेले नव्हते. स्वतः बाईंनीही नाही. मोरीवर त्यांनी पट्टीने पत्रा मोजला होता, पाणी नव्हे; पाण्याची तूट नुसती बोटभर म्हणून पाहिली होती, आणि बोट हे काही एकक नव्हे. कॉलेजात असताना अर्धवट राहिलेल्या एका मोजमापासाठी त्या घरी जायची बस सोडून प्रयोगशाळेत परत गेल्या होत्या, आणि तेव्हाही आई त्यांच्यावर ओरडलीच होती.

“सर, एकच मिनिट,” नवीन बाई म्हणाल्या.

“बाई,” सर म्हणाले. आवाज मऊच होता. “विचार करा.”

“केला, सर.”

त्यांनी दोन बोटांनी चकती उचलली, निथळू दिली आणि टेबलावर ठेवली. पाणी काठापासून खाली उतरलेले पहिल्या रांगेला दिसले. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. मुख्याध्यापिका आधी डब्याकडे बघत होत्या, मग टेबलावरून फरशीकडे निघालेल्या एका ओघळाकडे. सर फूटपट्टी दोन्ही हातांत धरून उभे होते. दुखरा खांदा दोन्हींपैकी कुठला, हे आता ओळखता येत नव्हते.

“हा शंकू डब्याएवढा उंच नाही,” बाईंनी सभागृहाला सांगितले. “उतारावरून पंचवीस आहे, सरळ चोवीस. म्हणून तीन शंकूंनी डबा भरत नाही. किती कमी पडतं ते मोजू या.” मग त्यांनी मुलीला हाक मारली. “तू ये. बाजूच्या प्रयोगशाळेतून मोठं मोजपात्र आण.”

मुलगी पळत गेली आणि काचेचे मोजपात्र घेऊन आली. बाईंनी ते बादलीत बुडवून अडीचशेच्या खुणेपर्यंत भरले आणि तिच्या हातात दिले.

“सावकाश. काठाला लागलं की थांब. आणि वाकून वाच, डोळे पाण्याच्या रेषेत आण.”

मुलीने ओतले. एकदा थांबली, पुन्हा थोडे ओतले, पुन्हा थांबली. डब्यातले पाणी काठाला टेकले आणि जरासे फुगून तिथेच राहिले. सभागृहात कुणीतरी खोकले. मुलीने मोजपात्र टेबलावर ठेवले, वाकली, एक डोळा मिटला आणि उरलेल्या पाण्याचा आकडा मोठ्याने वाचला: शहाण्णव.

म्हणजे डबा भरायला एकशे चोपन्न घनसेंटिमीटर पाणी लागले होते: सात त्रिज्येच्या डब्यातला एक सेंटिमीटर, बावीस गुणिले सात, अगदी पूर्णांकात.